काखेतले स्वेट पॅड

म्हणजे काय?
ब्लाउज, कुर्ती किंवा कोटाच्या काखेत आतून बसवायचा, घाम शोषणारा तुकडा. दुमडला की अर्धा बाहीत जातो, अर्धा अंगाच्या बाजूला.

दोन जाती
• चिकटवायचे: एकदा वापरून फेकायचे. नाजूक रेशमावर गोंदाचा डाग राहू शकतो.
• टाक्यांचे: सुती, काढून धुता येणारे. अस्तराच्या उरलेल्या सुती कापडाचे दोन पदरही चालतात. टाके मात्र शिवणीच्या दाबातच घ्यावेत, वरून दिसू नयेत.

कधीपासून?
१९व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत रबराचा थर दिलेले पॅड वापरात होते. घाम बाहेर येत नसे, हवाही आत जात नसे! त्याच काळात, घामाच्या वासावर ‘मम’ हा सुरुवातीचा व्यापारी डिओडरंट १८८८ साली फिलाडेल्फियात आला.

घाम, वास, डाग
• ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. वास त्वचेवरच्या जिवाणूंमुळे येतो.
• डिओडरंट वास रोखतो, अँटिपर्स्पिरंट घाम कमी करतो.
• पिवळ्या डागांमागे बहुधा अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार आणि घाम यांची जोडी असते. क्लोरिन ब्लीचने डाग अधिक पिवळा पडू शकतो. डाग असताना इस्त्री नको.
• घामातल्या क्षारांमुळे जरीचे धागे काळवंडतात, रेशमाचा रंग उतरतो.

उदाहरणार्थ, खर्डीत
शहापूर तालुक्यातलं हे गाव मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आहे. एप्रिल-मेची लग्नसराई आणि लोकलची गर्दी, दोन्हीत पॅड कामाचा. पावसाळ्यात सुती पॅड लवकर वाळत नाही. दुसरा जोड हाताशी हवा.