मद्यपी सारथी आणि न्यायाची घडी

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता खंबाटकीचा घाट ओलांडून साताऱ्यास येतो आणि कराडच्या पुढे पेठ नाक्याशी सांगलीचा फाटा सोडून कोल्हापुराकडे वळतो. या रस्त्याने ज्यांची मुलेबाळे रात्री-अपरात्री ये-जा करतात, अशी घरे आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. तेव्हा मद्यप्राशन करून मोटार हाकणाऱ्यांचे खटले वर्षानुवर्षे का रेंगाळतात, हा प्रश्न त्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

कायदा सैल नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा सारथ्यकर्त्याचा गुन्हा होय. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास आरोपीस सोडावे लागते. कारण रक्तातील मद्यार्क घटकेघटकेने ओसरत जातो.

दोन तासांची ही तत्परता पुढे मात्र हरवते. रक्ताची कुपी प्रयोगशाळेत जाते आणि अहवालाची वाट पाहणे सुरू होते. पहिल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एक वर्षाच्या आत घ्यावी, अशी मुदत आहे. अहवाल रेंगाळला तर खटला उभा राहण्यापूर्वीच धोक्यात येतो. उभा राहिलाच, तर परगावच्या वाटसरू साक्षीदाराने साताऱ्यास किंवा सांगलीस किती खेपा घालाव्यात?

विलंबाने पुरावा कसा झिजतो, हे मुंबईच्या एका खटल्यात सर्वांनी पाहिले. 28 सप्टेंबर 2002 रोजी वांद्रे येथे सलमान खान या नटाच्या मोटारीखाली एक मनुष्य ठार झाला. महत्त्वाचा साक्षीदार असलेला पोलिस शिपाई 2007 साली वारला. सत्र न्यायालयाने मे 2015 मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या शिपायाची साक्ष भरवशाची न मानता आरोपीस निर्दोष सोडले. तेरा वर्षे मृताचे आप्त ताटकळले, आणि आरोपीही संशयाच्या छायेत राहिला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने पक्षकाराच्या आवाक्याबाहेरील कारणासाठीही दोनहून अधिक तहकुबी देऊ नयेत, असे सांगितले आहे. हा नियम कसोशीने पाळला जावा, असे आम्हांस वाटते. परंतु सुशिक्षित कुटुंबांचेही एक कर्तव्य आहे. अपघात डोळ्यांदेखत घडला असता ‘कोर्टकचेरीची कटकट नको’ म्हणून आपण मान फिरवितो. जो साक्ष देण्यास जात नाही, त्याने न्यायाच्या दिरंगाईस बोल कोणत्या तोंडाने लावावा?