भंगारात रेल्वेचं लोखंड

भंगाराच्या दुकानात फिशप्लेट किंवा रुळाचा तुकडा सापडला आणि तो चोरीचा असल्याचा वाजवी संशय आला, की ‘रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६’ लागू होतो. एरवी सगळं सिद्ध करायचं ते सरकारनं. इथे मात्र माल रीतसर आला हे दुकानदारालाच दाखवावं लागतं. रेल्वेच्या लिलावातून घेतलेल्या मालाची पावती जपायची ती यासाठीच. पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जागामालकानं जाणूनबुजून कानाडोळा केला, तर तोही अडकतो. चौकशी रेल्वे सुरक्षा दल करतं. माल वाहणारं वाहन न्यायालय सरकारजमा करू शकतं. कायद्यात जनावरांचाही उल्लेख आहे, म्हणजे गाडीबरोबर बैलही गेले!