शाळा सोडली तरी दहावी सोडू नका

आगाशीत शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "पोराला घरीच शिकवलं तर चालेल का गं?" शिकवणं चालतं, अडतं ते प्रमाणपत्रावर. मुंबईची मालविका राज जोशी शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये ३ पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आयआयटीचं दार मात्र बारावी नाही म्हणून बंदच राहिलं. अशी पदकं किती जणांना मिळणार? म्हणून मधली वाट बघा: अभ्यास घरी, परीक्षा एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालयाची. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. ५ विषय, ५ वर्षांत ९ संधी. 'स्वयम्'वर धडे फुकट आहेत. नोंदणीची आणि परीक्षेची फी मात्र लागते. पुस्तकं त्यांची, वेळापत्रक तुमचं. काकूंना मी हेच सांगितलं.