उतरायचं गाव

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी रात्री बसला असाल, तर कुर्डुवाडी हे नाव तुमच्या कानावर पडलं असेलच. बहुधा अर्धवट झोपेत. खिडकीखालून चहावाल्याची हाळी येते, डब्यात चार माणसं चढतात, कुणाची तरी पिशवी तुमच्या पायाला लागते आणि गाडी पुन्हा चालू होते. बहुतेकांची या गावाशी ओळख एवढीच. माझी जरा वेगळी आहे. आम्हांला तिथं उतरावंच लागायचं.

माझं आजोळ लातूरचं. मे महिन्याची सुट्टी लागली की आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन पुण्याहून निघायची. मोठी गाडी कुर्डुवाडीपर्यंत. तिथून पुढं लातूरला जायचं तर छोटी गाडी, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची, जिला सारा मुलूख 'बार्शी लाइट' म्हणायचा. मोठी गाडी आम्हांला अपरात्री फलाटावर सोडून जायची आणि छोटी गाडी उजाडल्यावर निघायची. मधले काही तास कुर्डुवाडीचे.

ते तास आमचे बरे जायचे, कारण माझा धाकटा मामा तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. कितीही रात्र असो, तो बॅटरी घेऊन फलाटावर उभा असायचा. "अक्का, तीन डाग की चार?" हे त्याचं पहिलं वाक्य. सामान मोजून झाल्याशिवाय तो आमच्याकडं बघतही नसे. मग दोन खोल्यांचं क्वार्टर, मामीनं झोपेतून उठून टाकलेला चहा आणि पहाटे कारखान्याच्या भोंग्याआधी पुन्हा स्टेशन. वर्षातून दोनदा, जाताना आणि येताना, मामा-मामींची आणि आईची भेट व्हायची ती या गाडी बदलण्याच्या निमित्तानं. नुसतं भेटायला म्हणून कुर्डुवाडीला कोण जाणार?

या गावाला हे भाग्य लाभलं त्याला मूळ कारण बार्शी. मुंबईहून निघालेला जी.आय.पी. रेल्वेचा फाटा १८५९-६० मध्ये या भागातून सोलापूरला पोचला. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण रेल्वे तिला वीस-बावीस मैल लांबून टाळून गेली. पेठेच्या सर्वांत जवळचं स्टेशन ते हे, म्हणून त्याचं नावही 'बार्शी रोड' ठेवलं गेलं. म्हणजे कुर्डुवाडीनं पहिली कित्येक वर्षं रेल्वेच्या वेळापत्रकात दुसऱ्याच गावाच्या नावानं काढली.

बार्शी ते बार्शी रोड हे अंतर बैलगाड्यांनी तोडलं जाई. हे पाहून ज्याच्या डोक्यात कल्पना आली तो जी.आय.पी. रेल्वेतलाच एक इंग्रज इंजिनियर, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचं म्हणणं साधं होतं. जिथं माल थोडा आणि पैसा त्याहून थोडा, तिथं मोठ्या लाइनीची चैन कशाला? रूळ हलके टाका. पण हलक्या रुळांवर जड इंजिन कसं चालणार? त्यानं नियम घातला की इंजिन असो की मालाची वाघीण, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. मग वजन पुष्कळ चाकांवर वाटून टाकायचं. त्याच्या पहिल्या इंजिनांना रेटा देणारी आठ चाकं होती आणि मागं आधाराला आणखी चार. १८९५ मध्ये लंडनला कंपनी निघाली, इंग्लंडात लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून या गाड्यांची चाचणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही छोटी गाडी धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण दोनशे मैलांवर लाइन झाली.

(थोडं अवांतर होईल, पण हा कॅलथ्रॉप मोठा गमतीचा माणूस. त्याला अरबी घोड्यांचा नाद होता. चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र, मोटारींच्या नावातला 'रोल्स' तो हाच, १९१० मध्ये विमान कोसळून मेला. तेव्हापासून कॅलथ्रॉपनं वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याचा ध्यास घेतला आणि बनवलीही. तिला नाव दिलं 'गार्डियन एंजल'. आमच्या बार्शी लाइटच्या डब्यात बसून पाठ दुखलेल्यांना हे कुणी सांगितलं असतं, तर त्यांचा विश्वास बसला नसता.)

रुळांची रुंदी दोन ठिकाणी वेगळी असली की गाडी पुढं जात नाही; माणूस उतरतो, माल उतरतो. एवढ्या एका गोष्टीवर कुर्डुवाडी उभी राहिली. लातूर-बार्शीकडून आलेली पोती छोट्या वाघिणीतून काढायची, हमालाच्या पाठीवरून पलीकडं न्यायची आणि मोठ्या वाघिणीत रचायची. मुंबईकडून आलेल्या मालाचं याच्या उलट. एकाच पोत्याला दोनदा मजुरी. व्यापारी त्या नावानं बोटं मोडायचे, आणि त्याच मजुरीवर गावातल्या कितीतरी चुली पेटायच्या. उतरलेल्या माणसाला चहा लागतो, भजी लागतात, रात्र काढायला आडोसा लागतो, लेकराला दूध लागतं. खानावळी, टांगे, पानाच्या टपऱ्या, सारं स्टेशनच्या तोंडाशी गोळा झालेलं. त्यात कारखाना, लोको शेड, रेल्वेच्या चाळी. शाळेतल्या पोरांना वडिलांचा धंदा विचारला तर वर्गातली निम्मी पोरं "रेल्वेत" म्हणायची, असं मामा सांगायचा.

आषाढीला या गावाचं रूप मी एकदाच पाहिलं आणि पुन्हा त्या दिवसांत न जाण्याचं ठरवलं. मोठ्या गाडीतून शेकडो वारकरी उतरत होते आणि समोर खेळण्यातली वाटावी अशी छोटी गाडी उभी. आत जागा संपल्यावर माणसं दांड्याला लटकली, मग टपावर गेली. टाळ-मृदंग चालूच. एक म्हातारी फलाटावर बसून राहिली होती. तिची माणसं गाडीत शिरली होती आणि ती राहिली होती. रडत नव्हती. "जाईल की पुढच्या गाडीनं," म्हणाली आणि फडक्यातली भाकरी सोडून खाऊ लागली. मामीनं तिला आमच्यासाठी आणलेल्या तांब्यातलं पाणी दिलं. पुढची गाडी कधी, हे मामालाही सांगता येत नव्हतं.

छोट्या गाडीच्या आठवणी काढताना माणसं हळवी होतात. मीही होतो. चढावर ती इतकी मंद व्हायची की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढायची, ही गोष्ट प्रत्येकजण सांगतो. पण मला तिच्यातल्या दुपारीही आठवतात. तापलेला पत्रा, डोळ्यांत कोळशाची कणी, पाणी संपलेलं आणि लातूर यायचं नाव नाही. माझी धाकटी बहीण एकदा अशाच प्रवासात तापानं फणफणली होती आणि आई प्रत्येक स्टेशनावर ओला रुमाल करून तिच्या कपाळावर ठेवत होती. गाडी मोठी असती तर आम्ही केव्हाच घरी पोचलो असतो, हे कळण्याइतका मी तेव्हा मोठा होतो. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ही लाइन कंपनीकडून घेतली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांनी रुंद रुळांची मागणी किती वर्षं लावून धरली, किती निवेदनं दिली! मराठवाड्यानं अडीच फुटांवर समाधान मानावं असं म्हणायचा आम्हा पुण्यात राहणाऱ्यांना काय अधिकार?

अखेर नव्या शतकात ते झालं. पंढरपूरच्या बाजूचं काम आधी उरकलं. लातूरकडची लाइन २००७ आणि २००८ मध्ये टप्प्याटप्प्यानं रुंद झाली. जुन्या लाइनीनं ज्याला बाजूला टाकलं होतं ते उस्मानाबाद, आजचं धाराशिव, त्यात रेल्वेवर आलं. मिरजेकडचा पट्टा सर्वांत शेवटी झाला. आता मुंबईत बसलेला माणूस थेट लातूरला उतरतो. कुर्डुवाडीला गाडी थांबते, पण त्याला उतरायचं कारण उरलेलं नाही.

या रुंद रुळांचं मोल मला एका वर्षी फार नीट कळलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराच्या नळांना पाणी नव्हतं. माझी मावसबहीण दोन घागरींत घर चालवत होती. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, असं पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून १२ एप्रिलला लातूरला पोचलं. पुढं पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. रस्ता तोच, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. कॅलथ्रॉपचाच रस्ता, पण रूळ नवे. कुर्डुवाडीला मामेभाऊ मुद्दाम ती गाडी बघायला गेला होता. फोनवर म्हणाला, "दादा, जुनी लाइन असती तर हे सगळं पाणी इथं उतरवावं लागलं असतं की रं. घागरीनं."

त्याचे वडील, माझा मामा, हे बघायला राहिले नव्हते. पण ते असते तर काय म्हणाले असते याचा मी बऱ्याचदा विचार करतो. ते निवृत्त झाले तेव्हा छोटी गाडी चालू होती. रुंदीकरणाच्या बातम्या आल्या की ते म्हणायचे, "व्हायलाच पाहिजे," आणि लगेच विषय बदलायचे. ज्या इंजिनाचा पाना न पाना त्यांना माहीत होता, ते मोडीत जायला हवं असं म्हणणं सोपं नसतं. कारखाना मात्र बंद पडला नाही. तिथं मोठ्या लाइनीचं काम आलं. आणि माझ्या मनाला जरा बरं वाटणारी एक गोष्ट आहे. नेरळहून माथेरानला चढणारी ती चिमुकली गाडी तुम्ही मुलांना घेऊन बसून पाहिली असेल. तिची इंजिनं आणि डबे मोठ्या दुरुस्तीसाठी कुर्डुवाडीलाच येत आले आहेत. लहान रुळांचं कसब त्या गावाच्या हातात होतंच.

गाव काही ओस पडलेलं नाही. उजनीच्या पाण्यानं माढा तालुक्यात ऊस आला, पैसा आला, बाजार वाढला. मोटारसायकलींची दुकानं आली, शिकवणीचे वर्ग आले. मात्र सगळी वर्दळ आता रस्त्याच्या बाजूला सरकली आहे. गेल्या खेपेला मी स्टेशनसमोर एका जुन्या हॉटेलात बसलो होतो. गल्ल्यावरचे गृहस्थ सत्तरीचे. मी पूर्वीच्या गर्दीचा विषय काढला तर म्हणाले, "आमच्या वडलांच्या टायमाला रात्री दोनला भट्टी पेटलेली असायची. आता रात्री कोन उतरतंय? पर माझी लेक लातूरला दिली हाय. बाळंतपणाला आली तेव्हा थेट आली, एका जागी बसून. त्याचं काय करता?" त्यांनी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. कुणाचा भाचा ते कळल्यावर तर आणखी दोन भजी आणवली.

मामी अजून आहे. नव्वदीकडे झुकली आहे, क्वार्टर सुटल्यावर बांधलेल्या घरात मुलाकडं असते. लातूरला जायचं झालं की मी तिला आधी कळवतो. पहिल्या वेळी ती म्हणाली होती, "मग उतरशील नव्हं?" मी सांगितलं की गाडी आता थेट जाते, मामी. ती थोडा वेळ काही बोलली नाही. तेव्हापासून मामेभाऊ माझ्या डब्याचा नंबर विचारून फलाटावर येतो आणि खिडकीतून डबा देतो. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर फडकं बांधलेलं, पूर्वीसारखंच. घाईघाईत दोन शब्द होतात. आईच्या तब्येतीचं विचारतो, रिकामा डबा परतीच्या वेळी मागतो.

परवा मामीचा फोन आला होता. दिवाळीनंतर मी लातूरला जाणार आहे हे तिला कुठून तरी कळलं होतं. तिनं तिकिटाचं विचारलं नाही, मुलाबाळांचंही नाही.

"गाडी इथं किती मिनिटं थांबती रे आता?" ती म्हणाली. "मलाच यायचंय स्टेशनावर."