जागतिक व्यापाराची कलमे : समज आणि वस्तुस्थिती

कापसाचा भाव कोसळला, कांद्याची निर्यात थांबली किंवा परदेशी डाळीचे जहाज न्हावा-शेवा बंदराला लागले, की ज्याच्या त्याच्या तोंडी जागतिक व्यापार संघटनेचे नाव येते. आणि जिनिव्हाच्या त्या कचेरीतून सुटलेल्या एखाद्या फर्मानाने आपला शेतकरी नागवला गेला, असा निष्कर्ष पुढची चौकशी न करताच काढला जातो. या समजुतीत तथ्याचा अंश मुळीच नाही असे नव्हे. परंतु ज्या बाबतींत ती संघटना खरोखर दोषी आहे त्या दृष्टीआड राहतात, आणि ज्या बाबतींत जाब दिल्लीला विचारावयास हवा त्या जिनिव्हाच्या खात्यावर जमा होतात, ही तिची खरी हानी होय.

संघटना हुकूम सोडते, हा पहिला गैरसमज. १९४७ साली ज्या तेवीस देशांनी 'गॅट' या करारावर सह्या केल्या, त्यांत भारत होता. त्याच करारातून १ जानेवारी १९९५ रोजी उदयास आलेल्या आजच्या संघटनेचे १६६ सदस्य असून तेथील निर्णय प्रघाताने एकमताने होतात, म्हणजे एका सदस्याने ठाम हरकत घेतली तरी तजवीज अडून राहते. जुलै २०१४ मध्ये अन्नसाठ्याच्या प्रश्नावर भारताने अशीच हरकत घेऊन व्यापार-सुलभीकरणाचा करार रोखून धरला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपले म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करून घेतले. उलट, ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि लगेच वाढवून वर्षअखेरपर्यंत माफ झाले, ते जिनिव्हाच्या कोणत्याही कलमामुळे नव्हे. भारताने तेथे मान्य केलेली शुल्काची कमाल मर्यादा अकरा टक्क्यांहून बरीच वर आहे. कापड-उद्योगाची मागणी होती, सरकारने ती मान्य केली; निर्णय सर्वस्वी आपला. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात लासलगावच्या कांद्याला परदेशाची वाट बंद झाली, तो हुकूमही दिल्लीचाच.

मग नियम न्याय्य आहेत काय? नाहीत. परंतु त्यांतील अन्याय गाजावाजा करीत येत नाही. तो परिशिष्टांतील आकडेमोडीत शांतपणे बसलेला असतो, आणि म्हणूनच त्या आकडेमोडीपाशी थोडे थांबले पाहिजे. 'खुला व्यापार म्हणजे अनुदानाविना व्यापार' असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शेतीविषयक करार अनुदानास मज्जाव करीत नाही, तो केवळ कोणास किती मुभा हे ठरवतो. आणि ही मुभा ठरवताना आधारवर्षे धरली गेली ती १९८६ ते १९८८ ही. त्या काळात ज्यांनी बाजारभाव वाकविणारी अनुदाने मोठ्या प्रमाणावर दिली होती, त्यांच्या पदरात काही टक्के कपातीनंतरही एक भलीमोठी रक्कम कायमचा हक्क म्हणून पडली : अमेरिकेच्या वाट्याला वर्षास सुमारे १९.१ अब्ज डॉलर. ज्यांनी तशी अनुदाने दिलीच नव्हती, किंवा देण्याची ऐपतच नव्हती, त्यांचा हा हक्क शून्य. त्यांना प्रत्येक पिकाच्या उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंतची सवलत तेवढी मिळाली. श्रीमंत देशांना ही सवलत पाच टक्क्यांची असल्याने वरवर पाहता आपलाच लाभ झाल्याचे भासते. पण त्यांच्याजवळ सवलतीवर तो वेगळा हक्क आहे आणि तो कोणत्या पिकावर किती उधळावा यावर बंधन नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

गंमत पुढेच आहे. आपल्या हमीभावातील 'अनुदान' मोजताना आजचा हमीभाव आजच्या जागतिक भावाशी ताडून पाहिला जात नाही; तो ताडला जातो १९८६-८८ च्या गोठविलेल्या भावाशी. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा भाव आणि हा भाव यांमधील सगळे अंतर, मधल्या महागाईसह, शेतकऱ्यास दिलेली खैरात म्हणून कागदावर चढते, मग त्या शेतकऱ्याला लागवडीचा खर्चही भरून निघालेला नसो. त्यातही हे अंतर सरकारने प्रत्यक्ष खरेदी केलेल्या मालाला लावावयाचे की देशातील एकूण पिकाला, हा वाद आहेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस-अनुदानाविषयी संघटनेकडे प्रतिनिवेदन देऊन भारताने आपले आकडे फार कमी दाखविल्याचा आक्षेप घेतला, तो याच पद्धतीच्या आधाराने. स्वतः कापसावर अफाट पैसा ओतणाऱ्या देशाने हा आक्षेप घ्यावा, आणि नियमांच्या शब्दांत तो अगदीच बिनबुडाचा नसावा, याहून त्या नियमांवरची बोलकी टीका कोणती असणार?

'तेथे दावा जिंकला की न्याय मिळाला', हा तिसरा भ्रम. अमेरिकी कापूस-अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ साली फिर्याद केली, २००५ साली अपिलातही बाजी मारली आणि २००९ साली प्रतिशुल्क लावण्याची परवानगी मिळविली. यानंतर घडले ते असे, की अमेरिकेने अनुदाने रद्द करण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस-उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आणि अखेर २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्यास अनुदान देत राहता यावे म्हणून अमेरिकी करदात्याने ब्राझीलच्या शेतकऱ्यासही पैसे मोजले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ पासून हेच गाऱ्हाणे मांडले आहे. त्यांना मात्र असा सौदा करता आला नाही, कारण या व्यवस्थेत शिक्षा म्हणजे प्रतिपक्षाच्या मालावर आपण शुल्क लावणे, आणि अमेरिकेकडून नगण्य माल घेणाऱ्या देशाचे शुल्क वॉशिंग्टनला जाणवणार तरी कसे! संघटनेपाशी दंड वसूल करणारा शिपाई नाही. गरीब देशांना स्वस्तात कायदेशीर सल्ला मिळावा म्हणून २००१ साली जिनिव्हात एक सल्लाकेंद्र निघाले, तेवढीच जमेची बाजू.

आणि आता तर अपिलाचे न्यायासनच रिकामे आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडविल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळाला गणसंख्या नाही. हरलेल्या पक्षाने अपील दाखल केले की निकाल बेमुदत टांगणीला लागतो. या पळवाटेचा लाभ केवळ बलाढ्यांनीच घेतला असे मात्र समजू नये. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या साखर-धोरणाविरुद्ध केलेल्या दाव्यात, उसाचा रास्त व किफायतशीर भाव कारखाने देतात, सरकारी तिजोरीतून नव्हे, हा भारताचा युक्तिवाद अमान्य होऊन डिसेंबर २०२१ मध्ये निकाल विरुद्ध गेला, तेव्हा आपणही त्याच रिकाम्या न्यायासनापुढे अपील ठेवले. कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्याला त्याने उसंत मिळाली हे खरे. पण नियमांचे राज्य हवे असे म्हणणाऱ्याची त्यात कुचंबणाही आहे.

पर्यावरणाच्या अटींविषयी तर दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच वेळी नांदतात : त्या अटी म्हणजे श्रीमंतांचा निव्वळ कावा, असे एक पक्ष म्हणतो, संघटना अशा अटी हाणूनच पाडते, असे दुसरा. १९९८ चा कोळंबी-कासव खटला दोघांनाही उत्तर देतो. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर समुद्री कासवेही ओढली जाऊन गुदमरतात. म्हणून जाळ्याच्या निमुळत्या भागात तिरकी लोखंडी जाळी बसवितात, तिच्या गजांमधून कोळंबी मागे सरकते आणि कासव गजांवर आदळून वरच्या किंवा खालच्या झापेतून बाहेर पडते. असे साधन न वापरणाऱ्या देशांची कोळंबी अमेरिकेने नाकारली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी दावा केला आणि तो जिंकला. परंतु कासव वाचविणे गैर आहे म्हणून नव्हे. कॅरिबियन देशांना तयारीसाठी तीन वर्षे आणि तांत्रिक साहाय्य, आशियाई देशांना मात्र जेमतेम चार महिने, हा पक्षपात अपील मंडळाला खटकला. अमेरिकेने वागणूक सुधारल्यावर २००१ मध्ये तीच अट ग्राह्य ठरली. २०१९ पासून भारताच्या समुद्रातली कोळंबी अमेरिकेत जाऊ शकत नाही, ती याच अटीमुळे. आणि त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखण्यासाठी ग्रामस्थ रात्री जागवितात. उद्देश रास्त असेल, तर प्रश्न मुदतीचा, साहाय्याचा आणि खर्च कोणी सोसावयाचा याचा उरतो. आणि युरोपने पोलाद-सिमेंटावर बसविलेल्या कार्बन-आकारणीकडेही याच कसोटीने पाहावे लागेल.

राहिला तो जबाबदारीचा प्रश्न, आणि तेथला गैरसमज सर्वांत जुना : असे करार आपली संसद मंजूर करते. नाही करीत. आपल्या राज्यघटनेप्रमाणे परराष्ट्रांशी करार करणे ही कार्यपालिकेची मुखत्यारी आहे. करारामुळे एखादा कायदा बदलावा लागणार असेल तेवढ्यापुरतेच प्रकरण संसदेपुढे येते, जसे पेटंटच्या कायद्याचे २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने आले. अमेरिकेत व्यापार-करारांना काँग्रेसची आणि युरोपात युरोपीय संसदेची संमती घेण्याची रीत आहे. ब्रिटनशी आपला करार २४ जुलै २०२५ रोजी झाला, त्यासाठी भारतीय संसदेच्या मतदानाची गरज नव्हती. शेती हा सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचा विषय. तरीही कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद कलम २५३ अन्वये राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते, आणि सहीपूर्वी मुंबईचे मत विचारलेच पाहिजे असे बंधन दिल्लीवर नाही. करारांना संसदेची पूर्वसंमती आवश्यक करावी अशी खाजगी विधेयके मांडली गेली. त्यांतील एकही कायदा झाले नाही.