जुन्या मोटारगाडीची चौकट : मूळ चॅसिस व चौकटबदल

मोटारगाडीच्या ज्या पोलादी चौकटीवर एंजिन, दंतचक्र पेटी, आस, स्प्रिंगा व कायाभाग बसविलेले असतात, तिला व्यवहारात चॅसिस म्हणतात. काटेकोर अर्थाने चौकट हा चॅसिसचा केवळ भारवाही भाग होय. जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन करताना ही मूळ चौकट दुरुस्त करून ठेवावी, तिच्या जागी त्याच नमुन्याची नवी बसवावी, की जुना कायाभाग एखाद्या आधुनिक गाडीच्या चौकटीवर चढवावा, असा प्रश्न उद्‌भवतो. वरवर तो यंत्रशाळेतील वाटला, तरी त्यात सुरक्षितता, कायदेशीर नोंदणी व गाडीची ओळख या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात.

ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबच्या परिभाषेनुसार १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. सामान्य व्यवहारात मात्र हा शब्द अधिक सैलपणे वापरला जातो. त्या काळातील बहुतेक गाड्यांना स्वतंत्र चौकट असे. रोल्स-रॉइससारखे कारखाने दुसऱ्या महायुद्धापूर्वी केवळ चॅसिस पुरवीत आणि कायाभाग वेगळे कारागीर बांधून देत. याउलट लान्सिया लँब्डा (१९२२) व सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँ (१९३४) यांसारख्या गाड्यांत कायाभाग व भारवाही रचना एकसंध करण्यात आली. अशा गाडीत वेगळी चौकट नसल्यामुळे चौकटबदलाचा प्रश्न या स्वरूपात उद्‌भवत नाही [⟶ मोटारगाडी].

रचना व कार्य : जुनी चौकट सामान्यतः शिडीसारखी असते. दोन लांब बाजूपट्ट्या व त्यांना जोडणारे आडवे दांडे हे दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे, पन्हळीसारख्या उघड्या छेदाचे असून ते रिव्हेटांनी जोडलेले असतात. उघड्या छेदाची पट्टी वाकण्यास चांगला विरोध करते. परंतु पिळाला तिचा विरोध फार कमी असतो. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर अशी चौकट थोडीशी पिळवटते. लाकडी सांगाड्याचा जुना कायाभाग ही हालचाल गृहीत धरूनच बसविलेला असे. म्हणून मजबुती आणण्याच्या हेतूने उघडी पट्टी पत्रा लावून पेटीसारखी बंद केली, तर पिळाचा विरोध वाढतो. पण तो चौकटीच्या काही भागातच वाढविला गेल्यास ताण जेथे दृढता एकदम बदलते त्या जागी एकवटतात आणि तेथे तडे जाण्याचा संभव असतो.

परीक्षण : निर्णयापूर्वी चौकट पूर्ण उघडी करून स्वच्छ करणे आवश्यक असते. स्प्रिंगांचे आधार, सुकाणू पेटीची बैठक, आडव्या दांड्यांचे सांधे व पाणी साचणारे कोपरे येथे गंज व तडे प्रथम आढळतात. पत्र्याची उरलेली जाडी मोजतात. तसेच समोरासमोरील ठराविक बिंदूंमधील कर्णांची लांबी ताडून पाहतात. दोन्ही कर्ण समान नसल्यास चौकट तिरकी झाली आहे, असे समजतात. स्थानिक गंज असल्यास तेवढा भाग कापून तशाच जाडीचा तुकडा वितळजोडकामाने बसविता येतो. सैल झालेले रिव्हेट काढून नवे ठोकता येतात. गंज सर्वत्र पसरून पत्रा पातळ झाला असल्यास मात्र ठिगळांचा उपयोग नसतो, कारण नव्या जोडाला धरून ठेवण्याइतके सुदृढ पोलाद शेजारी उरलेले नसते.

पर्याय : (१) मूळ चौकटीची दुरुस्ती. यात श्रम व वेळ अधिक लागतात. पण चौकटीवरील क्रमांक, घडणीच्या खुणा व पूर्वीच्या दुरुस्त्यांचा इतिहास टिकून राहतो. (२) त्याच मापांची नवी चौकट. ब्रिटनमधील जुन्या लँड रोव्हर गाड्यांसाठी जस्तलेपित चौकटी बनवून मिळतात. सु. ४५०° से. तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडविल्याने चौकटीच्या आतील पृष्ठभागांवरही संरक्षक थर बसतो. मात्र उष्णतेने ती वाकू नये, याची काळजी घ्यावी लागते. (३) परक्या गाडीची चौकट. अमेरिकेत १९४७–५५ या काळातील शेव्हरोले पिकअप ट्रकचा कायाभाग शेव्हरोले एस-१० या १९८२ नंतरच्या लहान ट्रकच्या चौकटीवर बसविण्याची प्रथा आढळते. पहिल्याच्या अर्ध्या टनी नमुन्यातील पुढील व मागील आसांमधील अंतर ११६ इंच (सु. २९५ सेंमी.), तर दुसऱ्याच्या लांब नमुन्यात ते सु. ११८ इंच असल्याने दोन्हींचा मेळ बराचसा बसतो. जुन्या ट्रकच्या पुढील अखंड आसाऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन व चकतीचे ब्रेक मिळतात, हा यातील मुख्य लाभ होय. तथापि कायाभागाचे सर्व आधार नव्याने बनवावे लागतात, चाकांमधील आडवे अंतर जुळतेच असे नाही, आणि सुरुवातीस स्वस्त वाटलेले काम पुढे खर्चिक ठरू शकते.

सुधारित ब्रेक एवढीच गरज असल्यास ते पुष्कळदा मूळ चौकटीवरही बसविता येतात. केवळ बोल्टांनी बसविलेला आणि पुढे काढून घेता येणारा बदल हा चौकट कापण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर मानला जातो.

ओळख व कायदा : चौकट बदलल्यावर गाडी तीच राहते काय, हा प्रश्न १९९० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे आला. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली स्पीड सिक्स गाडीने ल मांची शर्यत १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. १९३२ मध्ये ब्रुकलंड्‌स येथील शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला आणि त्यानंतर तिची पुनर्बांधणी झाली. १ कोटी पौंडांना ठरलेल्या विक्रीनंतर, शर्यत जिंकणाऱ्या मूळ गाडीचा फारच थोडा भाग शिल्लक असल्याचा आक्षेप खरेदीदाराने घेतला. भाग बदलत गेले, तरी गाडीचे अस्तित्व व इतिहास अखंड राहिला, म्हणून ती अस्सल होय, असा निर्णय न्यायमूर्ती ऑटन यांनी दिला. या निर्णयावरून सुटे भाग एकाच वेळी टाकून देणे आणि वापराच्या ओघात ते क्रमाक्रमाने बदलणे यांतील भेद स्पष्ट होतो.

ब्रिटनमध्ये मूलतः बदललेल्या वाहनांच्या नोंदणीसाठी पूर्वी रूढ असलेल्या आठ गुणांच्या नियमात मूळ किंवा त्याच नमुन्याच्या नव्या चौकटीला पाच गुण, तर एंजिनाला केवळ एक गुण होता. भारतात २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चॅसिस, कायाभाग वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खाजगी गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अर्थात परकी चौकट घातलेल्या गाडीला ही मान्यता मिळणे कठीण होय.

निवड : आंतरराष्ट्रीय प्राचीन वाहन महासंघाच्या २०१२ सालच्या तुरिन सनदेत जुन्या वाहनात शक्य तितका कमी हस्तक्षेप करण्यावर भर आहे. दुर्मिळ, स्पर्धेत गाजलेल्या किंवा अस्पर्शित राहिलेल्या गाडीची मूळ चौकट दुरुस्तीयोग्य असेल, तर ती राखणेच इष्ट ठरते. ती निकामी झाली असल्यास त्याच नमुन्याची नवी चौकट बसवावी आणि क्रमांकासह जुनी चौकट जपून ठेवावी. विपुल संख्येने बनलेल्या आणि आधीच विस्कटलेल्या गाडीचा नित्य वापर करावयाचा असेल, तर परकी चौकटही समर्थनीय ठरते. मात्र झालेला प्रत्येक बदल छायाचित्रांसह नोंदवून ठेवणे व विक्रीच्या वेळी तो उघड करणे आवश्यक असते. बदलापेक्षा लपविलेला बदलच गाडीच्या इतिहासाची अधिक हानी करतो.