प्रमाण, समरूपता आणि शेताचे मोजमाप

शेतकऱ्याच्या व्यवहारात मोजमापाशिवाय पाऊल पुढे पडत नाही. जमिनीची वाटणी असो, खताची मात्रा ठरविणे असो किंवा ओढ्यापलीकडे पाण्याची नळी न्यावयाची असो, प्रत्येक ठिकाणी हिशेब करावाच लागतो. ह्या हिशेबांपैकी पुष्कळसे शाळेत शिकलेल्या भूमितीच्या दोनतीन साध्या नियमांवर उभे आहेत. हे नियम नीट न समजल्यामुळे वाटणीत अन्याय होतो, खत वाया जाते आणि प्रसंगी भावाभावांत वितुष्ट येते. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी ते स्वतः समजून घ्यावेत व शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष शेतावर करून दाखवावेत.

नकाशाचे प्रमाण

नकाशा म्हणजे जमिनीचे लहान केलेले, परंतु आकार न बदललेले चित्र होय. किती लहान केले, हे नकाशाच्या प्रमाणावरून कळते. आपल्याकडील जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा; आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. साखळीचे १६ भाग करून प्रत्येकास ‘आणा’ म्हणत.

समजा, नकाशावर ‘१ इंच = १० साखळ्या’ असे लिहिले आहे. म्हणजे नकाशावरील एक इंच हा जमिनीवरील ३३० फुटांच्या बरोबर झाला. ह्या नकाशावर एक शेत २ इंच लांब व दीड इंच रुंद दिसते. ते जमिनीवर २० साखळ्या लांब व १५ साखळ्या रुंद असणार. क्षेत्र २० × १५ = ३०० गुंठे, म्हणजे ७ एकर २० गुंठे.

येथे एक चूक पुष्कळांकडून होते. नकाशावरील क्षेत्र ३ चौरस इंच आहे, म्हणून त्यास १० ने गुणून ३० गुंठे सांगितले जातात. हे सर्वस्वी चुकीचे आहे. एक इंच म्हणजे दहा साखळ्या, ही लांबीची गोष्ट झाली. एक चौरस इंचात मात्र १० × १० म्हणजे १०० गुंठे मावतात. लांबीचे प्रमाण दसपट, तर क्षेत्राचे शंभरपट, हे कधीही विसरू नये.

मेट्रिक नकाशासही हाच नियम लागू आहे. १ : १,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर आणि १ चौरस सेंटिमीटर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात १ आर. (एक गुंठा हा एका आरापेक्षा किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर असतो.)

नकाशाची छायाप्रत हाती आल्यास अधिकच सावध राहावे. यंत्रावर प्रत काढताना नकाशा लहानमोठा होऊ शकतो. परंतु त्यावर लिहिलेले प्रमाण मात्र जुनेच राहते. वरील नकाशाची प्रत निम्म्या आकाराची निघाली, तर तेच शेत १ इंच लांब व पाऊण इंच रुंद दिसेल. छापील प्रमाणाने हिशेब केल्यास क्षेत्र केवळ ७५ गुंठे येईल, म्हणजे खऱ्या क्षेत्राच्या चौथाई! म्हणून ज्यांच्यामधील अंतर निश्चित माहीत आहे असे हद्दीचे दोन दगड आधी नकाशावर मोजून पाहावेत. अंतर जुळले, तरच पुढील हिशेब करावा.

समरूप आकृतींचा नियम

दोन आकृतींचा आकार एकच असेल व केवळ लहानमोठेपणा निराळा असेल, तर त्यांस समरूप आकृती म्हणतात. त्यांच्या बाजू एकाच प्रमाणात असतात. बाजू दुप्पट झाल्या की क्षेत्र चौपट होते. बाजू तिप्पट झाल्या की नऊपट. बाजू निम्म्या झाल्या की क्षेत्र चौथाई उरते.

खताच्या हिशेबात हे नित्य उपयोगी पडते. २० मीटर लांब व १० मीटर रुंद वाफ्यास ४ किलो खत लागत असेल, तर १० मीटर लांब व ५ मीटर रुंद वाफ्यास किती लागेल? ‘निम्मा वाफा, म्हणून २ किलो,’ असे सहज म्हटले जाते. परंतु हा वाफा निम्मा नसून चौथाई आहे. त्यास १ किलोच खत पुरे. दोन किलो टाकल्यास मात्रा दुप्पट होऊन पैसा वाया जाईल व कोवळ्या रोपांस इजाही पोहोचेल.

निमुळत्या शेताची वाटणी

आता ह्या नियमाची खरी कसोटी पाहू. एक शेत त्रिकोणी आहे. पायाची बाजू रस्त्याला लागून असून ती ६ साखळ्या भरते. तेथून शेत निमुळते होत जाऊन ओढ्याजवळ त्याचे टोक येते. पायापासून टोकापर्यंतचे सरळ, काटकोनातील अंतर १० साखळ्या आहे. त्रिकोणाचे क्षेत्र पाया व उंची ह्यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. म्हणून हे शेत ३० गुंठ्यांचे झाले.

दोघा भावांनी वाटणी करावयाचे ठरविले. लांबी दहा साखळ्या, तेव्हा पाच साखळ्यांवर पायाशी समांतर बांध घालावा, असे कोणी सुचविले, तर ते वरवर न्याय्य वाटते. परंतु टोकाकडील तुकडा हा मूळ शेताशी समरूप असा लहान त्रिकोण आहे. त्याची उंची ५ साखळ्या व पाया ३ साखळ्या. क्षेत्र केवळ साडेसात गुंठे! रस्त्याकडील भावास साडेबावीस गुंठे मिळतील. लांबी निम्मी झाली, पण जमीन निम्मी झाली नाही.

मग बांध कोठे घालावा? टोकापासूनच्या लांबीचे दहा सारखे भाग कल्पावेत. पूर्ण त्रिकोणाचे क्षेत्र १० × १० = १०० मानले, तर आपणांस ५० हवे. ७ × ७ = ४९, म्हणजे जवळजवळ निम्मे. म्हणून बांध टोकापासून ७ भागांच्या किंचित पुढे पडला पाहिजे. आपल्या उदाहरणात ७ साखळ्या १ आणा इतके अंतर घेतल्यास टोकाकडील तुकडा सुमारे १५ गुंठ्यांचा होतो.

दुसरी एक सोपी रीत आहे. पायाच्या बाजूचा मध्य काढून तेथून थेट टोकापर्यंत बांध घालावा. दोन्ही तुकड्यांचा पाया ३ साखळ्या व उंची तीच १० साखळ्या असल्याने क्षेत्र अगदी समान येते. शिवाय दोघांसही रस्ता व ओढा दोन्ही लाभतात. मात्र पट्ट्या अरुंद होतात व टोकाशी औत वळविणे कठीण जाते. कोणती रीत पत्करावी, हे दोघांनी एकत्र बसून ठरवावे.

सावलीवरून झाडाची उंची

घर, गोठा किंवा विजेची तार जवळ असताना झाड तोडावयाचे झाल्यास त्याची उंची आधी माहीत हवी. सपाट जमिनीवर २ मीटर काठी ताठ उभी करून तिची सावली मोजावी. ती ३ मीटर भरली व त्याच वेळी झाडाची सावली बुंध्याच्या मध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत १८ मीटर भरली, तर त्रैराशिकाने उंची १८ × २ ÷ ३ = १२ मीटर येते. सूर्याचे किरण समांतर येत असल्याने काठी व तिची सावली, झाड व त्याची सावली, हे दोन समरूप त्रिकोण होतात. गोठा १० मीटरांवर असेल, तर झाड त्या दिशेस पडता कामा नये, हे ह्यावरून आधीच कळते.

ओढा न ओलांडता रुंदी

ओढ्यास पाणी असताना आत उतरण्याचे कारण नाही. पलीकडच्या काठावरील एखादे झाड हेरून त्याच्या अगदी समोर आपल्या काठावर पहिली खुंटी ठोकावी. तेथून झाडाच्या रेषेशी काटकोनात, काठाकाठाने २० मीटर जाऊन दुसरी व त्याच रेषेत आणखी ५ मीटर जाऊन तिसरी खुंटी ठोकावी. मग तिसऱ्या खुंटीपासून ओढ्याकडे पाठ करून काटकोनात चालत जावे. दुसरी खुंटी व पलीकडचे झाड एका रेषेत दिसू लागताच थांबावे. हे चाललेले अंतर रुंदीच्या चौथाई असते, कारण ५ मीटर हे २० मीटरांच्या चौथाई आहेत. अंतर ६ मीटर भरल्यास झाड पहिल्या खुंटीपासून २४ मीटरांवर आहे.

काटकोनासाठी दोरीवर सारख्या अंतराने खुणा करून ३, ४ व ५ भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणावा. तीन व चार भागांच्या बाजू जेथे मिळतात, तेथे काटकोन होतो.

कार्यकर्त्यांस सूचना

हे प्रयोग गावातील शाळेच्या मुलांना बरोबर घेऊन करावेत. एक दोरी, एक काठी व चार खुंट्या एवढेच साहित्य पुरते. मात्र ह्या रीती अंदाज घेण्यासाठी व चूक ओळखण्यासाठी आहेत, हे स्पष्ट सांगावे. हद्दीचा वाद असल्यास भूमि अभिलेख खात्याकडून रीतसर मोजणी करून घेणे हाच योग्य मार्ग होय. तथापि, बांध घालण्यापूर्वी ज्याने स्वतः हिशेब करून पाहिला, त्याच्यावर वाद घालण्याची वेळ सहसा येत नाही.